वाटेत टाकलेलं सामान

कॉफी गाळायचे कागद. पहिल्याच दिवशी स्टीफन कॅट्झने ते सॅकमधून काढून रानात भिरकावले. चढ संपत नव्हता, खांदे सोलवटले होते, वैतागाच्या भरात जे हाताला लागलं ते गेलं. डबाबंद मांस टाकलं, ठीक आहे, त्याला वजन तरी असतं. पण कागद? सकाळी कॉफी टॉयलेट पेपरमधून गाळताना कॅट्झ सापडतो आणि त्याचा खुलासा असा, की कागद फेकायला मजा येत होती. हवेत छान भिरभिरत होते.

पुस्तक बिल ब्रायसनचं, 'अ वॉक इन द वुड्स', 1998 चं. अमेरिकेतल्या अॅपलाचियन ट्रेलवर, जॉर्जियापासून मेनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणाऱ्या साधारण साडेतीन हजार किलोमीटरच्या पायवाटेवर, ब्रायसन आणि कॅट्झ हे दोन बेढब मित्र 1996 च्या मार्चमध्ये निघतात, त्याची हकिकत. केन क्वापिसने केलेला चित्रपट 2015 मध्ये आला. पुस्तकाची सॅक पाठीला लावून पावणेदोन तासांत डोंगर चढायचा तर सामान टाकावंच लागतं. माझी तक्रार टाकण्याबद्दल नाही. काही वस्तू जड होत्या म्हणून गेल्या, काही कागदासारख्या गेल्या. त्यांची ही नोंद.

पॉल न्यूमन. हा तर निघण्याआधीच गळाला. चित्रपटात ब्रायसन झालेल्या रॉबर्ट रेडफर्डच्या मनात कॅट्झ म्हणून न्यूमनच होता. 1969 मध्ये दोघांचा 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड', 1973 मध्ये 'द स्टिंग', आणि आता म्हातारपणी तिसरी फेरी. 2008 मध्ये न्यूमन गेला. त्याच्या जागी निक नोल्टी आला आणि, खरं सांगायचं तर, बरं झालं. तो खरवडलेला आवाज, तो लालबुंद चेहरा, चालताना लागणारी ती धाप. न्यूमन कितीही थकला असता तरी देखणा थकला असता.

चव्वेचाळीस हे वय. पुस्तकातला ब्रायसन चव्वेचाळीसचा. चित्रीकरणाच्या वेळी रेडफर्ड सत्त्याहत्तर वर्षांचा होता, नोल्टी त्र्याहत्तरचा. आकड्यांतला फरक मेकअपने झाकता येतो, विनोदातला नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलेला माणूस चढावर बसकण मारतो तेव्हा आपण हसतो. दोष त्याचा स्वतःचा आहे, डोनटचा आहे, वर्षानुवर्षं टाळलेल्या व्यायामाचा आहे. सत्त्याहत्तराव्या वर्षी तोच बसला तर हसू ओठांवर येता येता आपण त्याला पाणी द्यायला उठतो. सबंध चित्रपटभर मी असा अर्धवट उठलेला होतो. पुस्तकातली फजिती चित्रपटात काळजी होते.

डोळ्यांच्या दोन जोड्या. ही वस्तू गेल्याचं मला सगळ्यांत जास्त लागलं, म्हणून जरा जवळून सांगतो. निघण्यापूर्वी ब्रायसन अस्वलांच्या हल्ल्यांवरचं एक पुस्तक वाचून बसलेला. वाचून आलेली भीती ही पाहून आलेल्या भीतीपेक्षा चिवट असते. मग एका रात्री झऱ्याजवळ तंबू ठोकलेला असताना बाहेर काहीतरी हलतं. बॅटरीचा प्रकाश अंधारात दहा पावलंही धड जात नाही. त्या उजेडात दिसतात फक्त डोळे, आपल्याकडे रोखलेले. अस्वल? हरीण? दोघांत मिळून हत्यार म्हणावं तर एक नेलकटर. ब्रायसनची गाळण उडालेली आणि कॅट्झला फक्त झोप हवी. ते जनावर कोण होतं हे त्या रात्री शेवटपर्यंत कळत नाही, आणि सगळा विनोद त्या न कळण्यावर उभा आहे.

चित्रपटात अस्वलं येतात. खरीखुरी, केसाळ, खाण्यावर डल्ला मारणारी. दोघे मित्र तंबू डोक्यावर घेऊन उंच होतात, आरडाओरडा करतात, अस्वलं पळतात. थिएटरात हशा पिकतो. पिकू दे. कॅमेऱ्याला डोळ्यांच्या मागचं जनावर दाखवावंच लागतं, हे मान्य. पण जनावर दिसलं की नेलकटरची गंमत संपली.

सांगणारा. पुस्तकात ब्रायसन दोन आहेत. एक चालतो, दुसरा त्या चालणाऱ्याची टर उडवतो. चित्रपटात उरला तो चालणारा. तो बोलतो तेव्हा कॅट्झशी बोलतो, आपल्या कानाशी नाही. आपल्याकडे हे लोकांनी पु.लं.च्या 'म्हैस'बाबत अनुभवलेलं आहे. एसटी, वाटेत आडवी आलेली म्हैस, पंचनामा. एकटा माणूस माइकसमोर बसून गाडीतल्या प्रत्येक उतारूचा आवाज काढतो आणि अख्खी गाडी त्याच्या घशात मावते. पुढे तिच्यावर 'म्हैस' आणि 'चांदी' असे दोन चित्रपट आले. प्रत्येक उतारूला वेगळा नट मिळाला, म्हशीला म्हैस मिळाली. एकट्या घशात मावलेली गाडी तेवढी मिळेना. पु.लं.च्याच प्रवासवर्णनावर, 'अपूर्वाई'वर, कुणी चित्रपट काढला नाही याचं म्हणूनच मला फारसं वाईट वाटत नाही.

मधला भाग. पुस्तकात कॅट्झ मध्येच घरी परततो आणि ब्रायसन एकटाच मोटारीने कुठेकुठे जाऊन तुकड्यातुकड्याने चालतो. कथेच्या दृष्टीने हा पडेल भाग. कुठलाही पटकथाकार पहिल्या बैठकीत त्यावर काट मारेल. त्या काटेखाली पेनसिल्व्हेनियातलं सेंट्रेलिया गेलं. तिथे 1962 पासून जमिनीखाली कोळशाची खाण जळते आहे. बहुतेक लोक हलवले गेले, घरं पाडली गेली. रस्ते मात्र होते तिथेच राहिले. विनोदी प्रवासवर्णनात असलं गाव काय करतं, असं विचारणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नसतं.

चेस्टनट. हे झाड चित्रपटाने टाकलं असं म्हणणं अन्याय होईल. ते त्याआधीच गेलं होतं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात सालीवर एक बुरशी आढळली, आशियातून आलेली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत अॅपलाचियन डोंगरांतली अब्जावधी झाडं वाळली. त्या रानात काही ठिकाणी दर चार झाडांमागे एक चेस्टनट होता म्हणतात. मुळं अजून जिवंत आहेत. त्यांना धुमारे फुटतात, पुरुषभर-दोन पुरुष वाढतात, साल जरा जाड झाली की बुरशी गाठते. परत धुमारे. पुस्तकात ब्रायसन अशा गोष्टींसाठी थांबतो. हसता हसता पानं उलटणारा वाचक एकदम गप्प होतो, आणि पुढच्याच परिच्छेदात कॅट्झ काहीतरी खायला मागतो. चित्रपटात झाडंझुडपं येतात ती बोलता बोलता, वाक्या-दोन वाक्यांपुरती. मागे हिरवं रान असतं. त्यात काय नाही, हे कॅमेरा कसं दाखवणार?

कंटाळा. टेनेसीतल्या गॅटलिनबर्गच्या दुकानात भिंतीवर सबंध वाटेचा उभा नकाशा असतो. इतके दिवस रक्त आटवून चाललेलं अंतर त्यावर बोटभर. पुस्तकात या बोटभराचा धसका बसतो, कारण आपणही तेवढी पानं पायपीट केलेली असते. चित्रपटात तितका वेळ कुणी कुणाला कंटाळू देत नाही.

हरवणं. मेनमधल्या शेवटच्या निबिड टप्प्यात कॅट्झ हरवतो. एक रात्र दोघे वेगवेगळीकडे, एकमेकांच्या नावाने घसा कोरडा केलेले. त्याआधी बिअरवरून कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे शोधणाऱ्याच्या हाकेत अपराधीपणाही मिसळलेला. चित्रपटात दोघे कड्यावरून घसरून एका कपारीवर पडतात आणि रात्र तिथेच काढतात. गप्पा मारायला निवांत जागा. प्रसंग वाईट नाही. फक्त पुस्तकात ते एकमेकांना गमावतात आणि चित्रपटात ते एकत्र पडतात.

जे टिकलं तेही नोंदवायला हवं. अखंड बडबडणारी, सर्वज्ञ मेरी एलन टिकली. लाँड्रीतली ब्यूला टिकली. अशी माणसं काहीच न बदलता पुस्तकातून पडद्यावर उडी मारतात. त्यांना हिशेब लागत नाही, ब्रायसनला लागतो. तो शेवटी चाललेल्या अंतराचा आकडा मांडतो: 870 मैल, म्हणजे वाटेच्या 39.5 टक्के. या दशांशचिन्हावर मी दर वेळी हसतो.

रेडफर्ड 2025 च्या सप्टेंबरमध्ये गेला. त्या आठवड्यात मी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत चाळत होतो. 'अ वॉक इन द वुड्स'च्या दोन प्रती शेजारी शेजारी निघाल्या. जुनीच्या मुखपृष्ठावर अस्वलाचा भलामोठा चेहरा, कोपरे झिजलेले, आत कुणाचं तरी नाव खोडलेलं. दुसरी चित्रपटानंतरची, तिच्यावर रेडफर्ड आणि नोल्टी, पाठीवर सॅक. पडद्यावर आलेलं अस्वल मुखपृष्ठावरून गेलं होतं. किंमत विचारली. पुस्तकवाल्याने दोन्हींची सारखीच सांगितली आणि वर म्हणाला, ही घ्या साहेब, नवी आहे.

मी अस्वल घेतलं.