भट्टीवाल्याच्या घरची चूल

भोसरीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी बावीस वर्षं भट्ट्यांच्या आतल्या अस्तराचं, म्हणजे लायनिंगचं काम करतोय. बीड सुमारे १,४५० अंशांवर ओततात. ते ज्या लेडलमध्ये घ्यायचं, ती आधी तापवून कोरडी ठणठणीत केल्याशिवाय आम्ही पुढे सरकू देत नाही. आत ओल राहिली तर पाण्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते, आणि धातू उडतो.

आणि चाकणच्या पुढे, भामा नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या घरी आईची चूल मात्र सिमेंटात बांधलेली होती. गवंड्याने सांगितलं, सिमेंट मारतो, हलायची नाही. मी कामावर होतो, चूलच तर आहे म्हणून लक्ष घातलं नाही. चारशे-पाचशे अंशांना सिमेंटच्या आत बांधलेलं पाणी निघून जातं आणि त्याची पकड सुटते, हे मला ठाऊक असून. वर्षाच्या आत तडे गेले. पत्र्याचं धुराडं छपराच्या वाशाला टेकूनच वर काढलेलं होतं. एका पावसाळ्यात कौलं शाकारायला चढलो आणि त्या वाशाला हात लावला, तर बोटांना कोळसा लागला. लाकूड रोज थोडं थोडं तापत राहिलं की आतून करपतं, आणि मग पेटायला त्याला फार उष्णता लागत नाही. खाली आई झोपत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

आईकडे गॅस आहे. पण भाकरी आणि पावसाळ्यातलं अंघोळीचं पाणी ती चुलीवरच करते. डॉक्टरांनी धूर टाळा म्हणून सांगितलेलं. घरातल्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं जातात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. आईला तो आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग धूर बाहेर काढ की. चूल कशाला काढतोस?" तिचं बरोबर होतं.

दिवाळीनंतर आठवड्याची रजा टाकली आणि जुनी चूल पाडली. आराखडा मनात होता. अ‍ॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, जिला सगळे 'आरती' म्हणतात, तिची धुराडं असलेली 'लक्ष्मी' चूल मी पाहिली होती. जाळ आधी चुलीखाली, मग वैलाखाली, तिथून धुराड्यात. वैलाला उष्णता फुकट मिळते.

कंपनीतल्या एकाने भट्टीतून निघालेल्या जुन्या विटा देऊ केल्या. मी घेतल्या नाहीत. त्यांत मळी मुरलेली असते, काही विटांत क्रोमियम असतं; ज्या चुलीवर अन्न शिजतं तिथे ते नको. भोसरीतूनच नव्या फायरब्रिक आणल्या, २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरच्या. कापताना पाणी मारत कापल्या, तोंडाला मास्क लावून, कारण ती धूळ छातीत बसते. नदीतले गोटे आईने आणून ठेवले होते, तेही बाजूला केले. गोट्यात पाणी मुरलेलं असलं तर तापल्यावर तो फुटतो.

आतली भिंत फायरब्रिकची, सांध्यात फक्त फायरक्ले, तोही दोन मिलिमीटरहून जाड नाही. बाहेरची भिंत साध्या विटांची. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट ठेवली. आई विचारत होती, "फट का सोडलीस? विंचू शिरंल." तापलेली वीट फुगते, तिला अंग पसरायला जागा लागते, ती नाही मिळाली तर बाहेरची भिंत फाटते. फटीत सिरॅमिक वूल भरलं, वरून तोंड बंद केलं. विंचवाचाही प्रश्न मिटला.

धुराडं विटांचंच केलं. सिमेंटचे जुने पाइप स्वस्तात मिळत होते, पण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. तो करपलेला वासा काढला, नवा घातला आणि धुराड्यापासून वीतभर लांब ठेवला. मधली फट पत्र्याने झाकली. छपरातून बाहेर निघाल्यावर तीन फूट उंची ठेवली, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग सगळ्यात उंच, त्याहून दोन फूट वर नेलं. नाहीतर वारा धूर उलटा घरात लोटतो. समोर जमिनीवर दीड हात साधी विटांची फरशी केली, निखारा उडाला तरी तिथेच विझावा म्हणून.

बांधकाम तीन दिवसांत झालं. आई म्हणाली, "आजच पेटवू." मी नको म्हणालो. आठ दिवस नुसती सावलीत वाळवली. मग पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त जाळ. भट्टीचं नवं लायनिंग आम्ही असंच हळूहळू तापवतो. मला कामावर परतावं लागलं होतं, म्हणून रोज संध्याकाळी फोन करून विचारायचो, आज किती जाळलंस? ती कंटाळली होती, पण तिने ऐकलं. बायको म्हणाली, तुम्ही आजाऱ्याची चौकशी करावी तसं करता.

सातव्या दिवशी रविवारी मी घरी होतो. आईने चिकणमाती, भुसा आणि शेण कालवून पातळ हात फिरवला, वर चुना दिला. तेलरंग मी लावू दिला नसता, तो तापल्यावर जळतो आणि वास सोडतो. नंतर तिने पहिली भाकरी थापली. धूर वर गेला. तिला फुंकणी उचलावी लागली नाही.

धुराडं असलं तरी स्वयंपाकघराची खिडकी आम्ही बंद करत नाही, कारण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दर दिवाळीआधी मी धुराड्यात दोरीला ब्रश बांधून सोडतो. गेल्या वर्षी अर्धं घमेलं काजळी निघाली. तीच काजळी आत साचून राहिली तर पेट घेते. तुमच्या गावाकडच्या घरी धुराडं असेल, तर यंदा एकदा छपरावर चढून वाशाला हात लावून बघा.