घारापुरीचं गोडं पाणी

वऱ्हाडातल्या माणसाला खारं पाणी पाहायला समुद्रापर्यंत जावं लागत नाही. पूर्णा नदीच्या काठाने अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात ते विहिरीतच असतं. आमची अम्मी दर्यापूरकडच्या अशाच एका खेड्यात राहते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आता धरणाचं पाणी नळाला येतं, पण येईल त्या दिवशी. दोन चुलते मूत्रपिंडाच्या आजाराने गेले, तेव्हापासून आम्हा भावंडांचा एकच धोशा आहे: अम्मी, अकोल्याला चल.

गेल्या जानेवारीत नात्यातल्या लग्नासाठी मुंबईला जाणं झालं. अम्मीने समुद्र कधी पाहिला नव्हता. एक दिवस मोकळा होता, आणि बोटीत बसल्यावर तिला उठून जाता येणार नाही, असाही आमचा हिशेब होता.

गेटवे ऑफ इंडियाहून लाँच तासाभरात घारापुरीला पोचते. (सोमवारी लेणी बंद असतात.) डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर नौदलाची बोट प्रवासी बोटीवर आदळून कितीतरी जीव गेले. त्यामुळे बसल्याबरोबर सगळ्यांनी लाइफ जॅकेट चढवले. अम्मीने प्रवासाची दुआ पढली, पोरांकडूनही म्हणवून घेतली. अकोल्याचा विषय आम्ही दोनदा काढला. दोन्ही वेळा ती पाण्याकडे पाहत राहिली.

बेटावर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोलीला नाही म्हणून अम्मी थांबत थांबत चढली. वर सगळी माणसं वीस फुटी सदाशिवाच्या शिल्पासमोर उभी. अम्मी मात्र बाजूच्या कोरीव टाक्यापाशी रेंगाळली. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे कोरलं, त्यांनी पावसाचं पाणी साठवायची सोयही त्याच कातळात करून ठेवली होती.

उतरताना काकडी विकणाऱ्या एका बाईला तिने पहिलाच प्रश्न विचारला, "पानी कुठून भरता व बाई?"

बाई म्हणाली, पावसाचं. डोंगरात लहानसं धरण आहे, त्यात साठतं, तेच वर्षभर पुरवायचं. वीज तर समुद्राखालून केबल टाकून 2018 साली आली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. मुंबईचे दिवे मात्र रोज समोर दिसायचे!

"मंग सोडून नाही गेले?"

"कुठं जाणार? दुकान इथंच, घर इथंच."

अम्मीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काकडी खात राहिलो.

धक्क्यावर जोहरची वेळ झाली होती. बाटलीत पाणी थोडं उरलेलं, तेही पोरांसाठी. धाकट्याने विचारलं, समुद्राच्या पाण्याने वुजू होतो का? होतो, समुद्राचं पाणी पाक आहे, अशी हदीसच आहे. एका लाँचवाल्याने दोरीने बादली सोडून पाणी काढून दिलं. अम्मीने चूळ भरली आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं आपल्या विहिरीपेक्षाबी खारट हाय!" आवाजात तक्रार कमी आणि समाधान जास्त. वुजू पुरा करून तिने कसर नमाज पढली, दोन रकात, लाकडी बाकावर बसून.

परतीच्या लाँचमध्ये विषय तिनेच काढला. अकोल्याला ती येणार नाही. पण घरावर टिनाचं छप्पर आहे, त्याला पन्हाळ लावून पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून भरायचं, टाकीला झाकण पक्कं हवं. हे सगळं तिने काकडीवालीला विचारून घेतलं होतं. प्यायला आणि डाळीला तेच, बाकीच्याला नळाचं.

दोन हजार लिटरची टाकी घ्यावी की पाच हजारांची, यावर रात्रीच्या गाडीत अकोला येईपर्यंत वाद चालला. अम्मी पाच हजारांवर अडून बसली आहे.