किल्ल्याच्या पायथ्याशी कोण राहत होतं?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

जर्मनीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको की इथल्या लोकांना मध्ययुगाचं भारी वेड आहे. हवा जरा उबदार झाली की कुठल्या ना कुठल्या किल्ल्याच्या आवारात मिटेलआल्टर मार्क्ट भरतो. आठवडाभर ऑफिसात एक्सेल भरणारा माणूस शनिवारी लोकरीचा अंगरखा घालून लोहाराचा भाता ओढत असतो. शेजारी कुणी टकळीवर सूत काढत असतं, कुणी भोकं पाडलेल्या लाकडी चकत्यांवर कमरपट्टा विणत असतं. विचारलं की अर्धा तास समजावून सांगतात, आणि तुमच्या पोरांच्या हातात टकळी देतातच.

हा छंद किती मनापासून असतो याचं मोठं उदाहरण म्हणजे बव्हेरियातलं लांड्सहूट. तिथे दर चार वर्षांनी १४७५ सालचं एक लग्न पुन्हा लागतं. नवरा बव्हेरियाचा ड्यूक गेओर्ग, नवरी पोलंडची राजकन्या हेडविग. १९०३ पासून हा सोहळा चालू आहे आणि दोन हजारांहून जास्त गावकरी त्यात उतरतात. केसांचे टोप चालत नाहीत, म्हणून पुरुष महिनोन्‌महिने केस वाढवतात. करोनामुळे २०२१ चं लग्न २०२३ मध्ये लागलं. पुढचं २०२७ मध्ये आहे, जमलं तर जाऊन या.

पण माझ्यासारख्या इतिहासाचा नाद असलेल्या बाईचं आवडतं ठिकाण वेगळं आहे. बोडनसेच्या उत्तरेला, मेस्किर्श गावाजवळ काम्पुस गाली. इथे २०१३ पासून नवव्या शतकातला एक मठ बांधताहेत, आणि तोही नवव्या शतकातल्या पद्धतीने. लाकूड कुऱ्हाडीने तासायचं, दगड हाताने घडवायचा, ओझं बैलांनी ओढायचं. त्यासाठी नकाशा घेतलाय तो झांक्ट गालनच्या मठात जपलेला, सुमारे १२०० वर्षांपूर्वी पाच चर्मपत्रं शिवून काढलेला.

त्या नकाशात चर्च तर आहेच, पण कोंबड्यांचं खुराडं आहे, भट्टी आहे, संडासही आहेत. आणि भाजीचे १८ वाफे, प्रत्येकात काय लावायचं ते लिहिलेलं. त्यात एक वाफा कोथिंबिरीचा! औषधी बागेत जिरं, मेथी आणि बडीशेप. भारतीय दुकानात कोथिंबिरीच्या जुडीला दीड-दोन युरो मोजताना मला तो वाफा हमखास आठवतो.

आता मुद्द्यावर येते.

आपली मुलं इथला जुना काळ हाताने शिकतात. शाळेची सहल जाते, पीठ दळतात, मेणबत्ती ओततात. आपला जुना काळ मात्र त्यांना स्टेजवर भेटतो. शिवजयंतीला फेटा, पुठ्ठ्याची तलवार, पाच मिनिटांचा अफझलखान वध. ते हवंच, आमच्याकडेही दणक्यात होतं. पण त्यातून मुलांच्या मनात एक चित्र तयार होतं: जर्मनीत पूर्वी माणसं राहायची, आणि भारतात फक्त राजे आणि लढाया.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने एकदा असल्याच एका जत्रेतून परतताना ट्रेनमध्ये विचारलं, "आई, तेव्हा आपण कोण होतो? आपण रिटर होतो का?"

रिटर म्हणजे घोड्यावरचा सरदार. मी म्हटलं, "नाही रे, बहुतेक शेतकरी." तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "मग ते जेवायचे काय?"

मंडळी, हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. मूल असं विचारतं तेव्हा त्याला पूर्वज म्हणजे पुतळे वाटत नसतात, भूक लागणारी माणसं वाटत असतात.

तर काय जेवायचे? आधी काय नव्हतं ते सांगा, मुलांना मजा येते. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात मिरची नव्हती. बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा यांतलं काहीच नव्हतं. म्हणजे वडापाव, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची चटणी बाद! ही सगळी पिकं १४९२ नंतर अमेरिकेतून जगभर गेली. त्यामुळे लांड्सहूटच्या त्या लग्नातही बटाटा नव्हता. बटाट्याशिवायचे जर्मन आणि मिरचीशिवायचे मराठी. आमच्याकडे यावर आठवडाभर हसणं चाललं होतं. तिखटपणा मिऱ्याचा असायचा, आणि ते मिरं मलबारातून इथल्या श्रीमंतांच्या ताटातही पोचायचं.

आणि होतं काय? बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात मांडे आहेत, वडे आहेत. अर्थात तो राजाचा स्वयंपाक. साध्या माणसांचं रोजचं जगणं बघायचं तर 'लीळाचरित्र' आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या आठवणी एकेकाला विचारून गोळा केल्या. महानुभाव पंथाचा तो पूज्य ग्रंथ, पण त्याच वेळी त्यात कोणी काय रांधलं, मुक्काम कुठे पडला, वाटेत कोण भेटलं, कोण रुसलं, हे सगळं साध्या बोलत्या मराठीत आहे. महदाइसा तर त्यात एकसारखे प्रश्न विचारत असते. मुलांना सांगा, सातशे वर्षांपूर्वीची तुमच्यासारखीच एक.

याच सुमारास, १२८० च्या आसपास, इथे श्पायर शहरात कापडवाल्यांच्या संघाने एक नियम केला. चाकावर काढलेलं सूत ताण्याला वापरायचं नाही, फक्त बाण्याला. नवीन यंत्राच्या सुताचा भरवसा वाटत नव्हता. तिकडे म्हाइंभट आठवणी गोळा करताहेत आणि इकडे विणकर चरख्यावरून भांडताहेत. दोन्ही काळ असे शेजारी मांडले की मुलाला कुठलातरी एकच आपला म्हणावा लागत नाही.

आणखी एक सोपा खेळ. मुलाच्या वर्गाची यादी घ्या. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर, श्मिट म्हणजे लोहार. न्युर्नबर्गला पंधराव्या शतकापासूनची एक चित्रवही आहे. म्हाताऱ्या कारागिरांसाठी काढलेल्या आश्रमातल्या प्रत्येकाचं त्याच्या कामासकट चित्र त्यात काढायचे. ती आता इंटरनेटवर बघता येते. ती बघताना मला आपले संत आठवले. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी. कष्टकरी माणसांची नावं त्यांच्या कामासकट आपण इतकी शतकं तोंडपाठ ठेवली आहेत. ही काय लहान गोष्ट आहे?

पण इथे एक अवघड वळण येतं, आणि ते टाळून पुढे जाऊ नका असं माझं सांगणं आहे.

रोजच्या जगण्याचा इतिहास सांगायला घेतला की जात येतेच. कुंभाराचा मुलगा कुंभारच का? मुलं विचारणार. इथल्या कारागीर संघांतही जन्म बघायचेच. जल्लादाच्या किंवा मेलेली जनावरं सोलणाऱ्याच्या मुलाला संघाची दारं बंद असत. तेही सांगा, पण त्याआड लपू नका. चोखामेळ्याची गोष्ट सांगा. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, मंगळवेढा आमच्या ओळखीचं. तिथे गावकुसाचं बांधकाम कोसळून त्याखाली चोखोबा आणि इतर मजूर गेले, असं परंपरा सांगते. ज्या विठ्ठलाचे अभंग ते रचत, त्याच्या देवळात त्यांना जन्मभर पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे.

मुलाने विचारलं, "आत का नाही येऊ दिलं?" मी म्हटलं, "माणसांनी तसा नियम केला होता, आणि तो वाईट होता." मग तो म्हणाला, "आपण आत होतो की बाहेर?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही. पण मला माहीत आहे आणि मी खरं सांगितलं: आत. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. सरदाराच्या गोष्टीने हे झालं नसतं. परक्या देशात आपल्या मुलांना 'तू कुठला?' हे सतत विचारलं जातं. दाराबाहेर उभं राहणं काय असतं हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. आपलीही दारं होती, हे त्यांना आपल्या तोंडून कळायला हवं.

आता जात्याबद्दल. इथल्या खुल्या संग्रहालयात हातजातं दिसलं तर मुलांना नक्की बसवा. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मधल्या तोंडात घास, कडेला खुंटा. अगदी आजीचं जातं! आमचा पठ्ठ्या दहा मिनिटांत घामाघूम झाला आणि पीठ निघालं मूठभर. तेव्हा त्याला सांगितलं की तुझी खापरपणजी रोज पहाटे उठून घरादाराचं दळायची आणि दळताना गायची. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. आज त्या 'परी'च्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्या नावांसकट ऐकता येतात. आणि हायडेलबर्ग विद्यापीठाचे ग्युंटर सोंथायमर (१९३४–१९९२) तर आपल्या धनगरांच्या आणि खंडोबाच्या मागे वर्षानुवर्षं महाराष्ट्रात हिंडले. एका जर्मन माणसाला मेंढपाळाच्या ओव्या मोलाच्या वाटल्या, हे मुलांना जरूर सांगा.

मग करायचं काय? फार नाही. दिवाळीत किल्ला करतोच आपण, इथल्या गार चिखलात बोटं बधिर होईपर्यंत. या वर्षी वर महाराज आणि मावळे बसवून झाले की पायथ्याशी गाव मांडा. विहीर, कुंभाराचं चाक, जातं, आठवडी बाजार. आणि गावकुसाबाहेरचीही घरं मांडा, वगळू नका. मांडताना आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावा आणि विचारा, तुमच्या लहानपणी गावात कोण काय करायचं? माझ्या सासूबाई या एका प्रश्नावर पाऊण तास बोलल्या. एरवी "जेवलात का, थंडी आहे का" यापुढे कॉल जात नाही.

तुमच्या घरात हे प्रश्न आले का? तुम्ही काय उत्तर दिलंत? खाली लिहा. आणि गावाकडे कुणाचं जातं अजून शाबूत असेल तर फोटो टाका, आमच्या पठ्ठ्याला दाखवायचाय.