आबांनी पेरलं का नाही?

'गुमट्याने लपकीला तिंबरात झिरडलं.' हे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि चौथीच्या वर्गाला विचारतो, गुमट्याने कोणाला झिरडलं? 'लपकीला!' कुठे? 'तिंबरात!' पैकीच्या पैकी गुण. शब्द सगळे माझ्या मनचे. मुलं विभक्तीचे प्रत्यय पकडून उत्तर ओढून काढतात. 'एका वाक्यात उत्तरे लिहा'मधले बरेचसे प्रश्न असेच सुटतात, उतारा कळो न कळो.

म्हणून मी अधूनमधून उतारा स्वतःच रचतो. 'पहाटे पाऊस थांबला. आबा शेतात गेले. त्यांनी मूठभर माती उचलून दाबली. तिचा घट्ट गोळा झाला. तिफण तशीच ठेवून आबा घरी परतले.' आधी विचारलं, 'तिचा' म्हणजे कोणाचा? 'आजीचा,' एक जण म्हणाला. हसू आवरून पुढचा प्रश्न टाकला: आबांनी पेरलं का नाही?

वर्गात सगळ्यांत घडाघडा वाचणारी मुलगी म्हणाली, 'पाऊस पडला म्हणून.' जोडाक्षराला हमखास अडखळणारा, बोट ठेवून वाचणारा एक पोरगा मागून बोलला, 'सर, वाफसा नाय अजून. चिखलात कोण पेरतं?' वाफसा म्हणजे पेरता येईल इतकाच मातीतला ओलावा.

अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली बेसबॉलच्या उताऱ्यावर हेच दाखवलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांना मागे टाकून गेली. याचा अर्थ आमच्या पोराला जोडाक्षरं नकोत असा मुळीच नाही. उद्या मेट्रोवरचा उतारा आला की तो आपटणारच. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं सूत्र मांडलं ते गुणाकाराचं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषेची समज. बेरीज असती तर एका बाजूने भरून काढता आलं असतं. गुणाकारात एक शून्य आलं की सगळंच शून्य.

तपासणीला येणारे साहेब मात्र घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द होतात ते मोजतात. मोजावेत, वेगही लागतोच. पण पाठ झालेला धडा काही मुलं पुस्तक उलटं धरूनही धडाधड 'वाचतात', त्याचं काय करायचं?

त्या मुलीला वाफशाचं उत्तर अजून पटलेलं नाही. तिचा सवाल रोकडा आहे: 'सर, उताऱ्यात लिहिलंच नाही, मग ते बरोबर कसं? आणि पेपरात तसं लिहिलं तर मार्क देतील?'