डोंगरावरचे घर

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान हेरले. साहेबांची ती हवापालटाची हौस पुढे मध्यमवर्गात उतरली आणि वसईच्या वाडीत वाढलेल्या आम्हांलाही डोंगरावर स्वतःचे घर असावे, या ध्यासाने पछाडले.

प्रथम अर्थातच माथेरान! परंतु तेथे मोटारींना बंदी. दारापर्यंत गाडी जात नाही म्हणताच आमचे चिरंजीव फितूर झाले. मग कर्जतकडे एक शेतजमीन पाहिली. सातबाऱ्यावर अकरा वारस; दहा राजी, अकरावा परागंदा. त्यातच १९४८ चा कूळवहिवाट कायदा आडवा आला : बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. दलालाने शेतकरी असल्याचा पुरावा मागितला. आमच्यापाशी पुरावा एकच, वडिलांच्या वाडीचा सातबारा.

वडील केळींना पाणी लावीत होते. म्हणाले, "कागद खुशाल न्या. पण तिकडच्या झाडांना पाणी कोण घालणार? आणि माझ्यामागे इथल्या?"

दलालाचा निरोप रोज येतो. त्याच्या साऱ्या शंकांना आमच्यापाशी उत्तरे आहेत. वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरात अद्याप कोणी दिलेले नाही.