घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगाव सोडून पाटणादेवीच्या वाटेला लागलं की कपाशीचं सपाट रान मागं पडतं आणि सातमाळ्याचे डोंगर अंगावर येतात. पावसाळ्यात केदारकुंड वाहू लागतं, नवरात्रात चंडिकेच्या दर्शनाला रांगा लागतात. माझ्या मनात मात्र इथं आलं की आठशे वर्षांपूर्वीचा बाजार भरतो.

त्याला कारण एक शिलालेख. इथल्या भवानीच्या देवळातला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपालानं इथूनच आपल्याकडे नेलं. नातू चांगदेव, सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकले-शिकवले जावेत म्हणून चांगदेवानं इथं, म्हणजे तेव्हाच्या पाटणात, मठ काढला, आणि १२०७च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं.

राजांची स्तुती, विद्वानांची थोरवी सगळी संस्कृतात. पण देण्याघेण्याची गोष्ट निघाली की लेख सरळ मराठीत उतरतो. ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांना कळायला नको? गिऱ्हाइकांकडून सुपाऱ्या, धान्य मापायचं ते मठाच्या मापानं, आणि घाण्यामागे पळीभर तेल.

ती पळी माझ्या मनातून जात नाही. घाण्याची करकर, पेंडीचा ऊन वास, बैलाच्या डोळ्यांवरची झापडं. तेली पळी बुडवतो, काठावर ओघळलेला थेंब बोटानं पुसून परत भांड्यात सोडतो आणि मठाचं तेल वेगळं काढतो. त्याच्या तेलावर मठात कोणता अभ्यास चालतो, हे त्याला कुणी सांगितलं असेल का? चंद्राचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून आजच्या आणि उद्याच्या जागेतला फरक काढून भागत नाही, त्या घटकेची गती काढावी लागते; असलं काहीतरी तिथं घोकलं जात असणार. हे ज्यात आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५०मध्ये पुरा झाला, तेव्हा भास्कराचार्य ३६ वर्षांचे होते. आजच्या हिशोबानं पोस्ट-डॉकचं वय.

आजही आमच्याकडचं एखादं पोर एम.एस्सी. करून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत जातं, ग्रहांवर पीएच.डी. करतं, मग दोन-तीन वर्षांची फेलोशिप धरतं आणि ती संपायच्या आत पुढच्या अर्जाला लागतं. हिवाळ्यात घरी आलं की भरीत-पुरीच्या पंगतीत मामा विचारतो, “काय भो, अजून शिकूनच राहिला का?” पोर हसतं आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडतं. सांगणार तरी काय?

सांगण्यासारखं खूप आहे. चांगदेवाचा मठ मिळालेलं ज्ञान जपण्यासाठी होता. आजच्या फेलोशिपा नवं धुंडाळण्यासाठी असतात. अमेरिकेत तरुण ग्रहशास्त्रज्ञांसाठी २०१७ साली एक फेलोशिप सुरू झाली, तिला नाव दिलं ५१ पेगासी बी या ग्रहाचं. १९९५मध्ये सापडलेला हा ग्रह गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा, पण आपल्या ताऱ्याभोवती चारेक दिवसांतच फेरी मारतो. एवढं धूड ताऱ्याला इतकं चिकटून असेल, असं तोवर फारसं कुणाच्या हिशोबात नव्हतं. एक दान पाठांतराला, दुसरं अचंब्याला. शास्त्राला दोन्ही लागतात, आणि दोन्हींना पोटापाण्याची सोय आधी लागते.

आपल्याकडे ती सोय आजही बाजारातूनच होते. जळगावच्या किराणा दुकानात तेलाच्या पिशवीवर आपण कर भरतो, त्यातला कण तिजोरीतून फिरत फिरत त्या पोराच्या खात्यावर पडतो. फरक एवढाच की पाटणच्या तेल्याला आपली पळी कुठं जाते ते दगडावर, त्याच्या बोलीत लिहून दिलं होतं. मामाला कुणीच काही लिहून दिलेलं नाही. तेव्हा फेलोशिपच्या इंग्रजी अहवालाखाली पाचसहा ओळी मराठीत लिहायची अट घालावी, आणि त्या पहिल्यांदा मामाला वाचून दाखवाव्यात. तो शंका काढेल, वाद घालेल. घालू दे, पैसे त्याचे आहेत.