डावे कोणते, उजवे कोणते?

वाणिज्य शाखेच्या मुलाने स्फटिकांविषयी लिहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. पण आजोबांच्या खतावणीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे; कॉलेजात शिकलो ते नेमके उलट. दोन्ही हिशेब खरेच. मात्र पद्धत कोणती हे ठाऊक नसेल, तर ऋणको धनको ठरतो!

स्फटिक फिरवीत त्यावर क्ष-किरण सोडतात आणि उमटणारे ठिपके मोजतात. ठिपक्याची जागा सांगायला तीन अक्ष लागतात. ‘इमेजसिफ’ पद्धतीत झेड अक्ष नमुन्याकडून किरणांच्या उगमाकडे जातो; ‘नेक्सस’मध्ये उगमाकडून नमुन्याकडे. गफलतीने एकच अक्ष उलटला, तर खऱ्या रेणूऐवजी त्याचे आरशातले प्रतिबिंब हाती येण्याचा धोका. आणि औषधात डावा-उजवा रेणू सारखा नसतो. फिशरने १८९१ साली शर्करांची डावी-उजवी बाजू निव्वळ अंदाजाने ठरविली होती. ती बरोबर निघाली, हे बायव्हूट व सहकाऱ्यांनी १९५१ साली क्ष-किरणांनीच दाखविले.

घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी आम्ही मुले. दुसऱ्याचा हिशेब खोटा म्हणण्यापूर्वी तो कोठे उभा राहून मोजतो आहे, एवढे तरी विचारावे, असे मला वाटते.